आवाज थांबला तेव्हा कोणी उठवलं

माझ्या थापांबद्दल आधीच बोलून घेतो, म्हणजे पुढे वाद नको. मी थापा मारत नाही. खऱ्या गोष्टीत जरा पाणी घालतो, एवढंच. आणि आमच्या खान्देशात पाण्याचे काय हाल आहेत हे ठाऊक असलेला कोणीही सांगेल की जिथे जमेल तिथे पाणी घालणं हे पुण्याचं काम आहे.

पण हल्ली या पुण्याचा शीण येतो. सकाळी चहाच्या टपरीवर दोन गोष्टी सांगून घरी आलो की बाजेवर असा पडतो, जसं काही मी त्या सांगितल्या नाहीत, डोक्यावर वाहून नेल्या. वय एकसष्ट. गुडघे सत्तरचे. जीभ मात्र पंचविशीतली, आणि ती या दोघांना फरफटत नेते.

तीस वर्षं मी दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर काढली. राहायला तिथल्याच कॉलनीत. वीज तयार करणाऱ्या संचांची घरघर चोवीस तास. लोकांना मी सांगतो की आमच्या कॉलनीतल्या कावळ्यांचे घसे पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते, ते चोच उघडून नुसत्या खुणा करायचे. शेजारीण गुपित सांगायची तेही ओरडून, त्यामुळे दीपनगरात कोणाचंच काही गुपित राहिलं नाही. यातलं कावळ्यांचं सोडलं तर बाकी बरंचसं खरं आहे. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, मुलीचा अभ्यास घेतला, आणि झोपलो तर असे की दगडानं लाजावं.

मग निवृत्त झालो, जळगावात बांधून ठेवलेल्या घरात आलो, आणि झोप गेली. घर शांत होतं. इतकं शांत की डोक्यातलं ऐकू यायचं. माझ्या डोक्यात रिकामी जागा कमी, वर्दळ फार. शेवटी मी उपाय शोधला. कूलर लावायचा. पौषाच्या थंडीत, टाकीत पाणी न घालता, नुसता पंखा घरघरत ठेवायचा. मला झोप लागायची. बायको दोन गोधड्या आणि एक शाल घेऊन कुडकुडत पडायची. तीन हिवाळे तिनं असे काढले. एकदा म्हणाली होती, "अहो, कॉलनी सोडली ना आपण?" मी त्यावर तिला टर्बाइनच्या कंपनांची एक गोष्ट सांगितली. चांगली पाऊण तासाची.

गेल्या संक्रांतीनंतर तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. खडे होते. खडे निघाले, ती घरी आली, आणि भेटायला माणसं यायला लागली.

आता भेटायला माणसं आल्यावर गप्प बसणं हे माझ्या रक्तात नाही. पहिल्या दिवशी मी खडा हरभऱ्याएवढा सांगितला. तो प्रामाणिक आकडा होता. दुसऱ्या दिवशी सुपारीएवढा झाला. आठवड्याच्या शेवटी लिंबाएवढा, आणि डॉक्टरांनी तो हातात घेऊन माझ्याकडे पाहत मान हलवली होती. "भाऊ, अशी बाई मी पाहिली नाही," असं डॉक्टर मला म्हणाले, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. डॉक्टर मला फक्त "बिल काउंटरवर" एवढंच म्हणाले होते. बायको पलंगावर उशीला टेकून बसलेली असायची. मधेच ती तोंड उघडायची, "नाही, मला तेव्हा असं वाटलं की..." आणि मी म्हणायचो, "थांब, तू दमशील, मी सांगतो." आणि सांगायचो.

एका संध्याकाळी शेवटचा पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या पोटातला खडासुद्धा तुमचाच झाला."

मी हसलो. मला वाटलं, बाईला विनोद सुचायला लागला, म्हणजे बरी होत आली.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला तिच्या मोठ्या बहिणीकडे गेली. पंधरा दिवस विश्रांतीला. पंधराचे तीस झाले. मी फोन केला की तिची बहीण उचलायची. बहिणीला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. अक्का शुद्ध अहिराणीत बोलते आणि भीडभाड ठेवत नाही.

"अक्का, ती कधी येते?"

"माले काय माहीत? तिले ईचार."

"तिला द्या ना फोन."

"ती म्हनस, पाव्हनाले सांग, एक कुकर व्हवालोंग गप बशी दाखाडा. मंग बोलू."

म्हणजे एक कुकर होईपर्यंत गप्प बसून दाखवा. मला ते ऐकून हायसं वाटलं. डाळीचा कुकर! जास्तीत जास्त पंचवीस मिनिटं. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं धुळ्याला गेलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसलो. बायकोनं तूरडाळ धुतली, हळद-हिंग घातलं, झाकण लावलं, गॅस पेटवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी ओठ आवळून बसलो होतो. पण वाफ धरायला लागल्यावर कुकर जो फुसफुसतो ना, तो आवाज! तीस वर्षं वाफेची चाकरी केलेला माणूस मी. पहिली शिट्टी व्हायच्या आत मला ऐकू आलं की कोणीतरी बॉयलरमधल्या दाबाबद्दल मोठमोठ्यानं बोलतंय. तो मीच होतो. बायकोनं गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर निघून गेली. अक्का दारातून म्हणाली, "पाव्हना, डाय बी कच्ची, तुम्ही बी कच्चा."

त्या दिवशी परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मी कोणाशीही बोललो नाही. शेजारच्या माणसानं दोनदा विषय काढून पाहिला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ती खरंच परत येणार नाही, असंही होऊ शकतं. माझ्या गोष्टींमध्ये बायका नेहमी परत येतात. इथं गोष्ट माझ्या हातात नव्हती.

जळगावात आमच्या भागात एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर आहेत. ते दुपारी काही लोकांना ध्यानाला बसवतात असं ऐकलं होतं. जागा कुठली, तर केळी पिकवायचं चेंबर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे केळी झाडावरून हिरवीकच्च उतरवतात आणि गार बंद खोल्यांत क्रेटमध्ये रचून पिकवतात. एका केळीवाल्या नानांच्या चार खोल्यांपैकी एक रिकामी होती. शेजारच्या खोल्यांत माल असल्यामुळे मशीन चालूच असायचं, त्यामुळे आमच्या खोलीलाही गारवा मिळायचा. एप्रिलात दुपारी तीनला जळगावात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. अशा वेळी त्या खोलीत शिरलं की ज्ञान मिळालं नाही तरी चालेल असं वाटायचं. खोलीत पिकवायचा गॅस नाही, हे नानांनी शपथेवर सांगितलं होतं. तरी चौथ्या दिवशी मी आरशात गाल पाहिले, पिवळे पडले की काय म्हणून.

बसायला गाद्या एका गादीवाल्या चाचांनी दिल्या होत्या. तेही आमच्याबरोबर बसायचे. उभा जन्म कापूस पिंजण्यात गेलेला माणूस. भुवयांमध्ये अजून कापूस अडकलेला.

पद्धत सोपी होती. पाठ ताठ ठेवायची, डोळे अर्धे मिटायचे, श्वास मोजायचे. एक ते दहा. मधे विचार आला की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी बसणं संपल्यावर मी मास्तरांना अभिमानानं सांगितलं, "मास्तर, मी सत्तावीसपर्यंत गेलो."

"दहाच्या पुढे गेलात म्हणजे तुम्ही तिथं नव्हतात," मास्तर म्हणाले.

चाचा हसले. "भाऊ, तुमचं डोकं म्हणजे न पिंजलेला कापूस. वर बसलं की टोचतं."

मास्तरांबद्दल मी टपरीवर सांगितलं की ते जपानात बारा वर्षं राहून आलेत आणि बर्फात उघड्यानं बसायचे. खरं म्हणजे ते अमळनेरच्या पुढे फारसे गेलेले नव्हते, आणि त्यांना सर्दी लगेच व्हायची. पण जपानातल्या झेन मठांची एक गोष्ट त्यांना माहीत होती. तिथं म्हणे गुरू शिष्याला एक कोडं देतात. त्याला आपल्या कोड्यांसारखं उत्तर नसतं. विचार करून करून डोकं थकतं, हुशारी संपते, 'मी सोडवतो' म्हणणाराही थकतो, आणि मग जे काय व्हायचं ते होतं.

"मला द्या एक," मी म्हणालो. मला वाटलं, हे माझ्याच जातीचं काम आहे. लहानपणी कोड्यांत मला कोणी हरवलेलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "आधी तुम्ही काही सांगा. तुम्हाला सांगायचं असतंच."

मग मी दीपनगरची माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट सांगितली. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी संच थांबवायचे. एका वर्षी एकाच वेळी सगळे थांबले. मी रात्रपाळी करून आलो होतो, दिवसा अकरा वाजता गाढ झोपलेलो. आवाज थांबला आणि अख्खी कॉलनी जागी झाली! लहान मुलं पाळण्यात रडायला लागली, म्हातारे काठ्या घेऊन बाहेर आले, एका घरातला बहिरा माणूस विचारत सुटला, "काय झालं, काय झालं?" आणि कावळे, ते आमचे घसा बसलेले कावळे, जन्मात पहिल्यांदा ओरडले.

चाचा पोट धरून हसले. नानासुद्धा शेजारच्या खोलीतून येऊन दारात उभे राहून ऐकत होते. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"आवाज थांबला. मग तुम्हाला उठवलं कोणी?"

"म्हणजे?"

"हेच तुमचं कोडं. रोज बसा. बसून झालं की उत्तर आणून द्या."

पुढचे अठरा दिवस मी उत्तरं आणली. मास्तर कोपऱ्यात बसायचे, बाजूला केळीचं एक रिकामं प्लॅस्टिकचं क्रेट. माझं उत्तर ऐकलं की हातातली लाकडी पट्टी क्रेटवर एकदा टक करून वाजवायचे. टक म्हणजे उठा, उद्या या.

"शांततेनं उठवलं." टक.

"कानांनी." टक.

"सवयीनं." टक.

"कोणीच नाही उठवलं, मी जागाच होतो." हे मला फार आवडलं होतं, आदल्या दिवशीपासून जपून ठेवलं होतं. टक. तेही जरा जोरात.

मग मी माझ्या पेशाला जागून मोठीच चूक केली. वीजकेंद्रात संच थांबला की आम्ही आधी नोंदवही पाहायचो. कुठला दाब कधी उतरला, कुठलं तापमान कधी चढलं, कोण आधी थांबलं, कोण मागाहून. तासातासाच्या नोंदी. मी विचार केला, मन म्हणजे तरी काय, एक संचच. म्हणून शंभर पानी वही आणली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि ध्यानाच्या नोंदी ठेवायला लागलो. तीन वाजून पाच मिनिटं, श्वास चार, विचार एक, विषय गुडघा. तीन वाजून नऊ, श्वास दोन, विचार सहा, विषय शेवभाजी. तीन सोळा, मन पूर्ण भारावर चालू. या नोंदी घ्यायच्या म्हणजे दर चार मिनिटांनी डोळे उघडून घड्याळ पाहायचं. चार दिवसांत माझ्याजवळ एवढी माहिती जमली की तिच्यावर एखादं मंडळ स्थापन करता आलं असतं. वही मी मास्तरांना दाखवली. त्यांनी पानं उलटली, चित्रं तपासायचे तसं जरा लांब धरून पाहिलं.

"रेघा सरळ आल्यात," म्हणाले, आणि टक.

टपरीवर मात्र वेगळाच कारभार चालू होता. तिथं मी जपानी कोडं अर्धं सोडवलेला माणूस होतो. मग पाऊण. एका सकाळी मला कोणीतरी विचारलं, "भाऊ, शेवटी काय कळतं हो?" आणि मी डोळे मिटून इतका वेळ गप्प बसलो की चहा गार झाला. लोक भारावले. एक म्हातारा पाया पडायला वाकला. मी त्याला अडवलं, पण जरा उशिरा अडवलं. गप्प बसण्याचीसुद्धा मी गोष्ट करून टाकली होती. घरी जाताना पायांत असं जडपण आलं की वाटलं, चप्पलच काढून टाकावी. धुळ्याला फोन केला. अक्का म्हणाली, "कुरडया टाकीत बठ्ठ्या. ती गच्चीवर शे." सगळ्या कुरडया घालतायत, ती गच्चीवर आहे, एवढं सांगून फोन ठेवला.

त्या रात्री झोप नाही. कूलर लावूनही नाही.

मग तो दिवस आला. काही विशेष नव्हता. मी वही नेलीच नाही. कंटाळा आला होता. उत्तरं संपली होती. शेवटच्या दोन दिवसांत तर मी जुनीच उत्तरं उलटीसुलटी करून नेली होती, आणि मास्तरांची पट्टी वाजायच्या आधीच उठायला लागलो होतो. गादीवर बसलो. श्वास मोजले की नाही आठवत नाही. शेजारच्या खोलीच्या मशीनची घरघर भिंतीतून येत होती. आणि खरं सांगतो, यात पाणी नाही: मी झोपलो. ताठ बसून, हात मांडीत, गाढ झोपलो. आता वाटतं, त्या अठरा दिवसांत मी बऱ्याचदा तसाच झोपलो असणार. कॉलनी सोडल्यावर आवाजाच्या कुशीत एवढी झोप मला कूलरनंसुद्धा दिली नव्हती.

वीज गेली. मशीन थांबलं.

मी जागा झालो. डोळे उघडले नाहीत. चाचांचा श्वास ऐकू येत होता, नाकात जरा अडकणारा. आणि त्याच्या मागून, पस्तीस किलोमीटर आणि वीस-बावीस वर्षं ओलांडून, आमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर ऐकू यायला लागलं.

मी जी गोष्ट सांगतो ना, कावळ्यांची आणि बहिऱ्याची, तिच्यात मी एक भाग कधीच सांगितलेला नाही. इतकी वर्षं न सांगता न सांगता तो मलाच दिसेनासा झाला होता. त्या दिवशी आवाज थांबल्यावर मी उठलो तेव्हा कॉलनीत कोणी रडत नव्हतं. कावळेही नव्हते. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येत होता. ती बोलत होती. मला वाटलं, कोणी बाई आली असेल. पण कोणी नव्हतं. ती भांडी घासता घासता भांड्यांनाच काहीतरी सांगत होती. लग्नाआधीचं, तिच्या गावचं, एका बैलानं कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत शिरून केलेल्या गोंधळाचं. मध्येच आवाज बदलून ती त्या नवरदेवाच्या काकाची नक्कल करायची आणि स्वतःच हसायची. आवाज थांबलाय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बहुधा ती रोज असंच सांगत असणार, संचांच्या घरघरीखाली, जिथं कोणाला ऐकू जात नाही.

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. आणि काय वाटलं तेही सांगतो, आता लपवून काय करू. मला वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगली सांगते. कुठं थांबायचं ते हिला कळतं. बैल अजून मांडवात शिरलाही नव्हता आणि मला हसू फुटत होतं. पुढं काय झालं ते मला हवं होतं. आणि तरीही मी मोठ्यानं म्हणालो, "काय गं, भांड्यांशी काय बोलतेस? अगं, संच थांबलेत, माहितीये का!" आणि माझं सुरू झालं. ती पुन्हा भांडी घासायला लागली. बैलाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा मास्तर कोपऱ्यात बसलेले. मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो. उत्तर नव्हतं. पट्टी त्यांच्या हातात होती. मी बराच वेळ बसून राहिलो, आणि त्यांनीही ती वाजवली नाही. खोली हळूहळू तापायला लागली होती.

"मास्तर, मी धुळ्याला जाऊन येतो," मी म्हणालो.

"जा की," ते म्हणाले. "पण ऊन उतरू द्या."

मी ऊन उतरू दिलं नाही. अडीच तास एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखा वारा खात गेलो. अक्काच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. गच्चीवरच्या कुरडया खाली आणून अक्का त्या डब्यात भरत होती, आणि शेजारची एक बाई तिला मदत करत होती. मला पाहून अक्का म्हणाली, "उनात पाव्हना. आज कोनता बॉयलर आना?" म्हणजे, आलात, आज कुठला बॉयलर आणलात?

मी हात जोडले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याच पाटावर बसलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बारीक झाली होती. केस कानाजवळ पांढरे दिसत होते. ते आधीपासून होते की नवे, मला सांगता आलं नसतं. तिनं डाळीचा डबा काढला. त्या दिवशी वरण-बट्टीचा बेत होता. डाळ धुतली, कुकर लावला.

कुकर फुसफुसायला लागला. मी श्वास मोजायला लागलो. एक. दोन. मनात बॉयलर उभा राहिला; राहू दिला. तीन.

अक्का काही साधी बाई नाही. ती तेवढ्यात दाराशी आली, शेजारणीला बोलावून म्हणाली, "ह्या पाव्हनाले ईचार, आमनी बहीनना पोटमा केवढा खडा व्हता." आणि माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "सांगा ना पाव्हना. लिंबूएवढा ना?"

शेजारीण डोळे मोठे करून माझ्याकडे पाहायला लागली. देवाशपथ, अशी श्रोती मला सहा महिन्यांत मिळाली नव्हती. गोष्ट घशापर्यंत आली. लिंबू, डॉक्टर, मान हलवणं, सगळं ओळीनं उभं. मी वाचा गेलेल्या माणसासारखा अक्काकडे पाहत राहिलो. मग बायकोकडे पाहिलं. पहिली शिट्टी झाली.

"हरभऱ्याएवढे होते," बायको कणीक तिंबत म्हणाली. "तीन."

"बस? तीनच?" शेजारीण जरा हिरमुसली.

"तीनच. पण मला दाखवले नाहीत कोणी. मी मागितले होते."

मला हे माहीत नव्हतं. दवाखान्यातून डबीत मिळालेले ते खडे मी पहिल्या दिवशी आलेल्यांना दारातच दाखवले होते, आणि खडा सुपारीएवढा झाल्यावर डबी कपाटात लपवली होती. तिला कधी दाखवले नाहीत. ती मागत होती हेही मला ऐकू आलं नव्हतं. या वेळी गप्प राहायला जीभ चावावी लागली नाही.

दुसरी शिट्टी. तिसरी. तिनं गॅस बंद केला. शेजारीण निघून गेली, अक्का डबे ठेवायला आत गेली. आता कुकरची वाफ आपोआप जिरेपर्यंत कोणालाच काही करता येत नाही, झाकण उघडत नाही. बायको ओट्याला टेकून उभी राहिली, हाताला कणीक तशीच. आणि बोलायला लागली. ऑपरेशनला आत नेलं तिथपासून. हळू, थांबत थांबत. मध्ये एकदा त्या भूल देणाऱ्या बाईंची नक्कल केली आणि स्वतःच हसली. मध्ये एकदा बराच वेळ थांबली. तेव्हा मला वाटलं, संपलं, आता माझी पाळी. पण संपलं नव्हतं.

ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. टपरीवरही सांगितलेलं नाही. लोकांनी विचारलं तर मी कावळ्यांवर नेतो. ते तिचं आहे, तिला वाटलं तर ती सांगेल, आणि माझ्यापेक्षा बरं सांगेल.

झाकण उघडलं तेव्हा डाळ पार गार होत आली होती. अक्का येऊन म्हणाली, "आते बट्ट्या कोन भाजी?"

"मी भाजते," बायको म्हणाली. आणि मला, "अहो, त्या बैलाचं मी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग जेवताना सांगते," ती म्हणाली. जेवताना अक्कानंच आपल्या पोरांचे विषय काढले आणि बैल राहिला.

अजून आठ दिवस कुरडया होत्या, मग ती आली. आता मी कूलरमध्ये पाणी घालतो आणि झोपायच्या वेळी तो बंद करतो. उकाडा आहे. झोप येत नाही, डोळे जळतात, अंग मोडून येतं. मास्तरांकडे पुन्हा जायला लागलोय. कोडं तसंच आहे, उत्तर मी नेत नाही आणि ते मागत नाहीत. सकाळी डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागतात, आणि ती त्यांना काहीतरी सांगायला लागते. मी उठत नाही. तसाच ऐकत पडून राहतो, भिंतीकडे तोंड करून. बैलाची पाळी अजून आलेली नाही.